जबाबदारीच्या खुर्चीत बसणाऱ्यांसाठी मानसोपचार : सोलापुरात सुरुवात कशी करायची

ज्यांच्या एका सहीवर, एका निर्णयावर किंवा क्षणभराच्या सावधपणावर दुसऱ्या कुणाचं तरी आयुष्य अवलंबून असतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. सोलापुरात अशी माणसं जागोजागी भेटतात. धाराशिव, लातूर, विजयपूर, कलबुर्गीहून येणारे पेशंट आयसीयूत रात्रभर सांभाळणारे डॉक्टर आणि सिस्टर. रेल्वेच्या सोलापूर विभागातले लोको पायलट आणि स्टेशन मास्तर. गळीत हंगामात फोन उशाशी घेऊन झोपणारे साखर कारखान्यांचे चीफ इंजिनिअर, चीफ केमिस्ट, शेती अधिकारी. आषाढीच्या बंदोबस्तासाठी पंढरपुरात तळ ठोकणारे पोलीस, महसूल आणि आरोग्य खात्यातले अधिकारी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलची एक्स्पोर्ट ऑर्डर आणि कामगारांचा पगार एकाच वेळी सांभाळणारे कारखानदार. मार्चअखेर घर विसरणारे बँक मॅनेजर आणि सीए.

मी मानसशास्त्रज्ञ म्हणून अशाच माणसांसोबत काम करते. त्यांच्याबाबत एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसते : झटपट निर्णय घेणं, चेहऱ्यावर काही न दाखवणं, सगळं स्वतःच्या अंगावर घेणं, ज्या सवयींनी त्यांना या पदापर्यंत आणलं, त्याच सवयी मानसोपचारात आडव्या येतात. कुठल्या पायरीवर त्या कशा आडव्या येतात हे आधीच माहीत असलं, तर निम्मी वाट सोपी होते.

आधी तातडीचं

मरणाचे विचार येत असतील, किंवा ‘मी नसलो तर सगळ्यांचंच बरं होईल’ असं वाटत असेल, तर पुढचं नंतर वाचा. आत्ता १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा. १० ऑक्टोबर २०२२ ला ती सुरू झाली. मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. जीवाला लगेच धोका असेल तर १०८ किंवा ११२, नाहीतर थेट सिव्हिल हॉस्पिटलचा अपघात विभाग गाठा. घरातल्या एका तरी माणसाला सांगा आणि एकटे राहू नका.

डॉक्टर, फार्मासिस्ट आणि पोलीस यांना मी वेगळं सांगते, कारण त्यांच्या हाताशी औषधं किंवा शस्त्र असतं. ते आजच्या आज दुसऱ्याच्या ताब्यात द्या. ‘कारण काय सांगू’ ही भीती खरी आहे, पण तिचं उत्तर उद्याही शोधता येईल.

पायरी १ : दोन आठवडे लिहून काढा

‘टेन्शन आहे’ यापलीकडे बहुतेकांना सांगताच येत नाही. म्हणून दोन आठवडे रोज रात्री चार-पाच ओळी लिहा. झोप किती वाजता लागली, मध्ये जाग कधी आली, जाग येताच डोक्यात पहिलं काय आलं. दिवसात कुणावर आवाज चढला. चहा, तंबाखू, दारू किती झाली. कोणतं काम टाळलंत. ऑफिसच्या लॅपटॉपवर किंवा फोनवर लिहू नका, साधी वही घ्या.

कामाच्या अतिताणातून येणाऱ्या थकव्याला सगळे बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात त्याची नोंद आहे, पण आजार म्हणून नव्हे. कामाशी निगडित स्थिती म्हणून. त्याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत : अंगातलं बळ संपून जाणं, कामाबद्दल मन कोरडं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटत राहणं. मधली खूण सगळ्यात उशिरा लक्षात येते. पेशंटचं नाव आठवत नाही, ‘सात नंबर बेड’ एवढंच आठवतं. समोर तक्रार घेऊन उभा असलेला म्हातारा नुसता एक अडथळा वाटतो. अशा वेळी माणूस स्वतःला ‘आता मी प्रॅक्टिकल झालोय’ म्हणतो. तो प्रॅक्टिकल झालेला नसतो, थकलेला असतो.

आता स्वतःला एक प्रश्न विचारा : चार दिवस खरोखर सुट्टी मिळाली, फोन बंद, गावाकडे हुरडा खायला गेलात, तर बरं वाटतं का? वाटत असेल तर प्रश्न मुख्यतः कामाच्या बोजाचा आणि त्याच्याशी तुमच्या नात्याचा आहे. तिथेही जेवणाला चव नसेल, हसू येत नसेल, पहाटे तीन-चारला जाग येऊन छातीवर दगड ठेवल्यासारखं होत असेल आणि असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर ते नैराश्य असू शकतं. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी मराठीतही मिळते. गुण ० ते २७ असतात. १० किंवा त्याहून जास्त आले तर तज्ज्ञाला भेटा. हे निदान नाही, फक्त पुढे जावं की नाही याची खूण आहे.

शरीरही तपासून घ्या. छातीत धडधड, घाम, श्वास अपुरा पडणं याला घरबसल्या ‘पॅनिक असेल’ म्हणून सोडून देऊ नका, विशेषतः चाळिशीनंतर. आधी ईसीजी आणि फिजिशियन. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२, शुगर, बीपी हे पाहून घ्या. थायरॉईड कमी पडलं की येणारा थकवा आणि उदासी बाहेरून अगदी नैराश्यासारखीच दिसते.

पायरी २ : कुणाकडे जायचं

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट : एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. निदान आणि औषध हे त्यांचं क्षेत्र; काहीजण थेरपीही करतात, पण गर्दीच्या ओपीडीत तासभर बोलायला वेळ क्वचित असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत. त्यांनी भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेला क्लिनिकल सायकॉलॉजीचा अभ्यासक्रम केलेला असतो आणि त्यांना सीआरआर नंबर मिळतो. आरसीआयच्या वेबसाइटवर तो तपासता येतो. तपासा, त्यात अपमान काही नाही. समुपदेशक हा शब्द मात्र फार सैल वापरला जातो. एमए करून वर्षानुवर्षं उत्तम काम करणारेही समुपदेशक, आणि शनिवार-रविवारचा कोर्स करून पाटी लावणारेही समुपदेशक. म्हणून शिक्षण कुठे झालं आणि कुणाच्या देखरेखीखाली काम केलं, हे विचारून घ्या.

माझं मत स्पष्ट आहे. झोप पूर्ण उडाली असेल, वजन उतरत असेल, मरणाचे विचार असतील, दारू हाताबाहेर गेली असेल, किंवा पूर्वी कधी अतिउत्साहाचे, न झोपता आठवडाभर काम करण्याचे झटके येऊन गेले असतील, तर आधी सायकियाट्रिस्ट. बाकी बहुतेकांनी सायकॉलॉजिस्टपासून सुरुवात केली तरी चालतं. गरज पडली तर ते स्वतःच पुढे पाठवतात.

खर्चाची अडचण असेल तर डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, तिथल्या मनोविकार विभागाच्या ओपीडीत जा. गर्दी असते, थांबावं लागतं. रेल्वे कर्मचाऱ्यांनी विभागीय रुग्णालयातून रेफरल कसा मिळतो ते विचारावं.

पायरी ३ : सोलापुरातच, की बाहेरचं?

या पायरीवर लोक सगळ्यात जास्त अडतात. सोलापूर महानगरपालिकेचं शहर असलं तरी ओळखीच्या बाबतीत गावच आहे. वेटिंग रूममध्ये शेजारी आपल्याच ऑफिसचा क्लार्क बसलेला निघतो. बाहेर उभी असलेली गाडी ओळखली जाते. तुम्ही डॉक्टर असाल तर सायकियाट्रिस्ट आयएमएच्या, म्हणजे डॉक्टरांच्या संघटनेच्या, तुमच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर असतात. थेरपिस्टची वहिनी तुमच्या मुलीची वर्गशिक्षिका असते.

यातल्या काही अडचणींना सोपे उपाय आहेत. दिवसातली पहिली किंवा शेवटची वेळ मागा. बहुतेक ठिकाणी मिळते. ड्रायव्हरला सोबत नेऊ नका, सात रस्त्यापर्यंत गाडीने जाऊन पुढे रिक्षा केली तरी चालतं. पण ओळखीचा गुंता वेगळा. ज्याच्याशी तुमचा व्यवहाराचा, नोकरीचा किंवा नात्यागोत्याचा संबंध आहे, त्याच्याकडे थेरपी घेऊ नये, तो कितीही चांगला असला तरी. तिथे तुम्ही जपून बोलाल आणि जपून बोललात की पैसे वाया. डॉक्टरांना तर मी शहराबाहेरचाच थेरपिस्ट घ्यायला सांगते.

बाहेरचा म्हणजे दर आठवड्याला पुण्याला जाणं नव्हे. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन रात्री परत, हे एक-दोनदा उत्साहाने होतं, मग इन्स्पेक्शन येतं, लग्न येतं आणि सगळं बंद पडतं. त्यापेक्षा जमल्यास पहिली भेट समोरासमोर आणि पुढचं काम व्हिडिओ कॉलवर. ठाण्याची आयपीएच ही १९९० सालापासून मराठीतून मानसिक आरोग्याचं काम करणारी संस्था. अशा जुन्या, नावाजलेल्या ठिकाणीही चौकशी करता येते.

ऑनलाइन सेशन कुठून करायचं, हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि तोच पुढे आडवा येतो. सरकारी क्वार्टरच्या भिंतीतून सगळं ऐकू जातं. केबिनमध्ये शिपाई न विचारता आत येतो. जुळे सोलापुरातल्या टू बीएचकेत सासूबाई हॉलमध्ये असतात. उभी केलेली, बंद गाडी ही मला सगळ्यात खात्रीची जागा वाटते. हेडफोन लावा. गाडी चालवत सेशन कधीही करू नका. आणि ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचा ईमेल, ऑफिसचा नंबर यातलं काहीही वापरू नका.

भाषेचंही सांगते. शहराच्या पूर्व भागात घरात तेलुगू, कुठे कन्नड, कुठे उर्दू, ऑफिसात मराठी, फाइलवर इंग्रजी. अनेकांना लहानपणाबद्दल मराठीत बोलता येतं, रडता मात्र येत नाही. शक्य असेल तर घरची भाषा समजणारा थेरपिस्ट शोधा. नाही मिळाला तरी अडेल तिथे आपल्या भाषेतला शब्द तसाच वापरा. चांगला थेरपिस्ट थांबून अर्थ विचारतो.

पायरी ४ : पहिला फोन

तो स्वतः करा. पीएला किंवा घरच्यांना करायला लावू नका. नाव सांगा, पद नाही सांगितलं तरी चालतं. विचारायचं एवढंच : शिक्षण आणि नोंदणी काय, माझ्यासारखी तक्रार घेऊन येणाऱ्या लोकांबरोबर काम केलंय का, सेशन किती वेळाचं, फी किती, आयत्या वेळी रद्द केलं तर काय. साधारण ४५ ते ६० मिनिटांचं सेशन असतं आणि सुरुवातीला आठवड्यातून एकदा.

‘वेळ मिळेल तसं येतो’ असं म्हणू नका. तुमच्यासारख्यांना वेळ मिळत नसतो. आठवड्यातला एक वार, एक तास पक्का करा आणि कॅलेंडरवर नुसतं ‘मीटिंग’ लिहा. शिफ्ट फिरती असेल तर रोस्टर लागल्याच्या दिवशीच पुढच्या दोन वेळा ठरवून टाका. गळीत हंगाम, मार्चअखेर, आषाढी, निवडणूक संपल्यावर सुरू करू, असं ठरवणाऱ्यांना माझा सल्ला आहे की हंगामाच्या आधी सुरू करा, मग ऐन गर्दीत पंधरवड्यातून एकदा अर्धा तास बोललात तरी पुरतं. नवीन माणसापुढे पहिल्यापासून कहाणी सांगण्याचं बळ हंगामात उरत नाही.

पायरी ५ : पहिलं सेशन

थेरपिस्ट प्रश्न विचारेल : काय होतंय, कधीपासून, झोप, भूक, घर, काम, आधीचे आजार, घराण्यात कुणाला असा त्रास, दारू-तंबाखू, मरणाचे विचार. शेवटचा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात, दचकू नका. वही सोबत न्या.

गोपनीयता कुठपर्यंत, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट करून घ्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ गोपनीयतेचा हक्क देतो. तुमचा साहेब, तुमची बायको किंवा नवरा, कुणीही फोन करून विचारलं तरी तुमच्या परवानगीशिवाय सांगायचं नसतं. अपवाद मोजके : तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जीवाला धोका असेल, न्यायालयाने आदेश दिला असेल, किंवा लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पुढे आली असेल. तिथे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे.

पहिल्या सेशनमध्ये जबाबदार माणसं एक गोष्ट हमखास करतात. ती प्रेझेंटेशन देतात. समस्या, कारणं, केलेले उपाय, आता तुमचं मत सांगा. चाळीस मिनिटांत सगळं मुद्देसूद होतं आणि त्यात स्वतः ते कुठेच नसतात. असं होतंय असं जाणवलं तर थांबा आणि तेच बोला : ‘मी रिपोर्ट देतोय बहुतेक.’ काम तिथून सुरू होतं.

दुसरी अडचण हुद्द्याची. थेरपिस्ट तुम्हाला ‘साहेब’ म्हणत असेल, तुमच्या वेळेनुसार सगळं वाकवत असेल, तुम्ही म्हणाल त्याला मान डोलवत असेल, तर तो माणूस तुमच्यासाठी योग्य नाही. दिवसभर मान डोलवणारीच माणसं तुमच्याभोवती असतात. इथे जो नम्रपणे ‘हे मला पटलं नाही’ म्हणू शकेल, तो हवा. तीन-चार सेशननंतरही सूर जुळला नाही तर तसं सांगून दुसऱ्याकडे जा. यात कृतघ्नपणा नाही, थेरपिस्टलाही ते अपेक्षित असतं.

पायरी ६ : मधला काळ, जिथे खरं काम होतं

उपचारपद्धती अनेक आहेत. डॉ. ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडलेली सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तनावर काम करणारी थेरपी, सर्वाधिक अभ्यासली गेलेली. अल्बर्ट एलिस यांची आरईबीटी तिच्याही आधीची, १९५० च्या दशकातली. महाराष्ट्रात ती विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखली जाते आणि कि. मो. फडके यांनी ती मराठीत रुजवली. दोन्हींचा गाभा असा की घटना आणि भावना यांच्यामध्ये आपला एक विचार असतो. तो पकडायचा, तपासायचा, बदलायचा.

उदाहरण घेऊ. उसाचं बिल वेळेत गेलं नाही आणि शेतकऱ्यांनी शेती अधिकाऱ्याला गेटवर घेरलं. रात्री त्याला झोप नाही. घटना एवढीच. पण मधला विचार काय? ‘लोकांनी माझ्यावर कधीच नाराज होता कामा नये, झाले तर मी नालायक.’ बिल काढणं त्याच्या एकट्याच्या हातात नाही, पैशाचा निर्णय वर होतो. तरी तो रात्रभर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा. थेरपीत हा विचार कागदावर येतो. त्याच्या बाजूचा पुरावा, विरुद्धचा पुरावा, आणि मग बदललेलं वाक्य : ‘लोक नाराज न होते तर मला बरं वाटलं असतं, झाले आहेत, आणि त्यात माझ्या वाट्याचं जे आहे ते मी उद्या करेन.’ वाचायला सोपं वाटतं. पहिल्या दहा वेळा ते खोटं वाटतं. घरचा अभ्यास म्हणून रोज लिहायला सांगतात तो यासाठीच. अभ्यास न करणाऱ्यांना फरक पडायला फार वेळ लागतो, आणि मोठ्या पदावरची माणसं तो सगळ्यात जास्त टाळतात.

इथेच ‘मग मी जबाबदारी झटकायची का?’ हा राग येतो. येऊ द्या आणि थेरपिस्टपुढे बोलून दाखवा. जबाबदारी आणि स्वतःला शिक्षा करत राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चूक झाली असेल तर ती मान्य करणं, भरपाई करणं, पद्धत बदलणं ही जबाबदारी झाली. तीन वर्षांनंतरही पहाटे उठून स्वतःला शिव्या घालण्याने एकाही पेशंटचं भलं होत नाही.

आपल्या शहराला याबाबत एक खास ओझं आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. चीनमध्ये युद्धात जखमींवर अहोरात्र शस्त्रक्रिया करताना त्यांनी तब्येतीची पर्वा केली नाही आणि १९४२ साली, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी ते गेले. त्यांच्याबद्दलचा अभिमान माझ्याही मनात आहे. पण ते युद्ध होतं. त्यांच्या नावाने स्वतःला झोपेविना राबवणाऱ्या तरुण डॉक्टरला मी सांगते की त्यांच्याकडून कणव घ्या, जागरण घेऊ नका.

काही अनुभव मात्र विचार तपासून सुटत नाहीत. रुळावर उडी घेणारा माणूस समोर दिसतो, लोको पायलट इमर्जन्सी ब्रेक लावतो आणि गाडी थांबायला शेकडो मीटर लागतात. अपघाताच्या पंचनाम्यात लहान मूल असतं. टेबलावर तरुण बाई दगावते. महिना उलटूनही तेच दृश्य डोळ्यांपुढे येत असेल, त्या किलोमीटरच्या दगडाशी अंग गोठत असेल, त्या ऑपरेशनची वेळच नको वाटत असेल, तर तो आघातानंतरचा ताण म्हणजे पीटीएसडी असू शकतो. त्यासाठी आघातावर केंद्रित सीबीटी आणि ईएमडीआर (यात ती आठवण मनात धरून डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करायच्या असतात) या वेगळ्या, अभ्यासलेल्या पद्धती आहेत. ‘ईएमडीआरचं प्रशिक्षण आहे का’ असं थेट विचारा. ‘ड्युटीत असं होतंच’ हे सहकाऱ्यांचं वाक्य धीर देण्यासाठी असतं, उपचार म्हणून ते पुरत नाही.

झोपेसाठी गोळीआधी अनिद्रेची सीबीटी विचारा. जुनाट अनिद्रेवर पहिला उपचार म्हणून तीच सुचवली जाते. झोप आली तरच अंथरुणावर, उठायची वेळ रोज ठरलेली, पडून घड्याळ बघणं बंद. रात्रपाळीवाल्यांना ती जशीच्या तशी लागू होत नाही, म्हणून शिफ्टचं वेळापत्रक थेरपिस्टपुढे ठेवा.

किती सेशन? सीबीटीसारखी मुदतीची थेरपी साधारण ८ ते २० सेशनची. सहाव्या भेटीच्या सुमारास दोघांनी मिळून बघा : वहीतल्या नोंदी बदलल्या का? पीएचक्यू-९ चे गुण उतरले का? काहीच हललं नसेल तर पद्धत बदला, औषधाचा विचार करा किंवा दुसरं मत घ्या. मध्येच दोन-तीन आठवडे उलट जास्त त्रास होतो, दाबलेलं वर येतं म्हणून. नेमका तेव्हाच महत्त्वाचा दौरा निघतो आणि सेशन रद्द होतं. दौरा खरा आहे की सोयीचा, हे स्वतःला विचारा.

पायरी ७ : औषधाबद्दल

नैराश्य आणि चिंतेसाठी नेहमी दिली जाणारी एसएसआरआय गटातली औषधं लागू पडायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त घेतात. त्यांची चटक लागत नाही, पण डॉक्टरांना न विचारता एकदम बंद केली तर चक्कर, अस्वस्थता, चिडचिड होते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी लगेच बरं वाटतं आणि सवयही लागते. मेडिकलवाला ओळखीचा आहे म्हणून त्या परस्पर घेऊ नका. डॉक्टरांनो, स्वतःचं प्रिस्क्रिप्शन स्वतः लिहू नका.

गाडी, क्रेन, बॉयलर, सिग्नल, शस्त्र किंवा सर्जरी हे ज्यांचं काम आहे, त्यांनी औषध लिहून घेण्याआधी ते सांगावं. काही औषधांनी गुंगी येते, प्रतिक्रिया मंदावते. डॉक्टर त्यानुसार औषध किंवा त्याची वेळ बदलू शकतात.

पायरी ८ : ऑफिसात सांगायचं का?

सक्ती नसेल तर सगळं सांगू नका. ‘प्रकृतीच्या कारणास्तव दर गुरुवारी संध्याकाळी एक तास मी उपलब्ध नसेन’ एवढं पुरतं. ज्या पदांना वैद्यकीय तंदुरुस्तीचे नियम आहेत, तिथे मात्र लपवण्याआधी सायकियाट्रिस्टशी बोला. काय कळवणं बंधनकारक आहे आणि काय नाही, हे नियम वाचून ठरवा, कॅन्टीनमधल्या ऐकीव गोष्टींवरून नको.

विम्याबाबत, २०१७ च्या कायद्यानुसार मानसिक आजारालाही शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा संरक्षण द्यायचं आहे. पण पुष्कळ पॉलिसी दवाखान्यात दाखल झाल्याचाच खर्च देतात, ओपीडीतल्या सेशनचा नाही. आपली पॉलिसी वाचा. कंपनीने समुपदेशनाची सोय केली असेल तर पहिला प्रश्न हाच : माझं नाव आणि नोंदी कंपनीला कळतात का? उत्तर लेखी घ्या.

तुमच्या हाताखाली माणसं असतील तर आणखी एक. तुम्ही थेरपी घेता हे जाहीर करायची गरज नाही, पण रात्री अकराला ग्रुपवर टाकलेल्या मेसेजचं उत्तर सकाळी आलं तर चालेल, एवढं तरी लिहून टाका. तुमचा ताण तिथून खाली झिरपतो.

पायरी ९ : घर

घरच्यांना थेरपीत काय बोलता ते सांगायचं बंधन नाही. पण जाता आहात हे एका माणसाला तरी सांगा, आणि त्या माणसाकडून काय हवंय तेही. ‘मी आलो की अर्धा तास मला काही विचारू नका’ ही मागणी योग्य आहे, पण अर्ध्या तासानंतर तुम्ही खरंच बोललं पाहिजे. बायको, नवरा किंवा आई ‘तुला काय कमी आहे?’ म्हणतील. वाद घालू नका. थेरपिस्ट तयार असेल तर एका सेशनला सोबत न्या. ‘देवाचं करा, सिद्धेश्वरला जा’ म्हणणाऱ्यांनाही नाही म्हणायची गरज नाही. पहाटे तलावाकाठी दर्शन घेऊन, चालून मन हलकं होत असेल तर जरूर जा. त्याने थेरपीचं काही बिघडत नाही, आणि थेरपीने श्रद्धेचं.

पायरी १० : थांबवताना

बरं वाटलं की फोन न करता जाणं बंद करणारे खूप आहेत. असं करू नका. शेवटची दोन-तीन सेशन ही पुन्हा घसरण झाली तर काय करायचं हे ठरवण्यासाठी असतात. आधी पंधरवड्यातून, मग महिन्यातून एकदा असं अंतर वाढवा. औषध चालू असेल तर ते बंद करण्याचा निर्णय सायकियाट्रिस्टचा. थेरपी संपली म्हणून गोळी संपत नाही.

शेवटच्या सेशनमध्ये एक पान तयार करा. त्यावर तुमच्या घसरणीच्या पहिल्या खुणा, तुमच्या शब्दांत : पहाटेची जाग, जेवण टाळणं, मुलांवर ओरडणं, तिसरा पेग. त्याखाली अशा वेळी करायच्या दोन-तीन गोष्टी, थेरपिस्टचा नंबर आणि १४४१६. या पानाची एक प्रत ज्या माणसाला घरी सांगितलंय त्याला द्या, कारण घसरण आपल्याआधी त्याला दिसते. मग येत्या वर्षाचं कॅलेंडर काढून तुमचे जड महिने त्यावर खुणा करा. कारखान्यात असाल तर मोळी पडण्याआधीचा महिना, बँकेत असाल तर फेब्रुवारी, पोलीस किंवा महसुलात असाल तर आषाढीच्या आधीचे पंधरा दिवस. त्या प्रत्येक खुणेच्या आधीच्या आठवड्यात एक सेशन आत्ताच बुक करून ठेवा.